चाचणी हलली म्हणजे मतदार हलला का?

अमेरिकेच्या २०१२ च्या अध्यक्षीय निवडणुकीबद्दल म्हटलं जातं, की 'डेन्व्हरच्या डिबेटनंतर डेमोक्रॅट ओबामांचे मतदार रिपब्लिकन रॉम्नींकडे वळले'. हा मुद्दा मला पटत नाही.

३ ऑक्टोबर २०१२ च्या त्या रात्री ओबामा फिके पडले, हे खरंच. नंतरच्या जनमत चाचण्यांत रॉम्नी बरोबरीला आले, काहींत पुढेही गेले. पण संख्याशास्त्रज्ञ अँड्र्यू गेलमन आणि सहकाऱ्यांनी एक्सबॉक्स या व्हिडिओ गेमच्या यंत्रावरून रोज गोळा केलेली मतं तपासली, तेव्हा खरोखर बाजू बदलणारे फार थोडे निघाले. झालं होतं ते असं, की हिरमुसलेले डेमोक्रॅट चाचणीला उत्तरच देईनासे झाले आणि रिपब्लिकन हुरूपाने देऊ लागले. मतदार होता तिथेच होता, उत्तर देणारी माणसं बदलली! नोव्हेंबरमध्ये ओबामा ३३२ इलेक्टोरल मतं (अध्यक्ष ठरवणारी, राज्यवार मिळणारी मतं) घेऊन जिंकले.

शिवाय डिबेट आणि डिबेटची चर्चा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १९७६ मध्ये कार्टर यांच्याशी झालेल्या डिबेटमध्ये अध्यक्ष फोर्ड म्हणाले, पूर्व युरोपवर सोव्हिएत वर्चस्व नाही. हे उघडच चुकीचं होतं, पण त्याच रात्री फोनवर विचारलेल्या प्रेक्षकांना ते फारसं खटकलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी टीव्ही आणि वर्तमानपत्रांनी ते वाक्य लावून धरलं, आणि कार्टर सरस ठरले असं लोक सांगू लागले.

२७ जून २०२४ च्या अटलांटातल्या बायडन-ट्रम्प डिबेटनंतरही आकडे थोडेच हलले. हादरले ते बायडन यांच्याच पक्षातले नेते आणि देणगीदार. २१ जुलैला बायडन यांनी उमेदवारीतून माघार घेतली. माझ्या मते डिबेटचा सगळ्यात मोठा परिणाम पक्षाच्या आत दिसला, मतदारांत नाही.