‘हॅपी गुड फ्रायडे’ आणि त्यानंतरचा रविवार : मुंबईकर ख्रिस्ती लोकांनो, तुमचा ईस्टर सांगा

भायखळ्याची ताई

बावीस वर्षं एकाच ऑफिसात काढली. दर गुड फ्रायडेला कोणी ना कोणी मला ‘हॅपी गुड फ्रायडे’ पाठवतंच, सोबत गुलाबाचं चित्र. वाईट वाटत नाही, माणसं मायेने पाठवतात. पण रविवारी त्यातल्या एकालाही आठवण होत नाही. कारण सरळ आहे. शुक्रवारी सुट्टी असते म्हणून तो लक्षात राहतो. ईस्टर पडतो रविवारी, त्याची वेगळी सुट्टी कोण देणार? म्हणजे आमचा प्रभू मेला हे अख्ख्या ऑफिसला ठाऊक, उठला ते आमच्यापुरतं.

दुसरा नेहमीचा प्रश्न: ‘तुमची तारीख दरवर्षी बदलते कशी?’ त्यावर मी कॅलेंडरातला पौर्णिमेचा गोल दाखवते. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा, आणि तिच्यानंतरचा पहिला रविवार. म्हणून ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्यामध्ये कुठेही येतो. २०२४ साली होळी झाली आणि त्याच आठवड्यात ३१ मार्चला ईस्टर. यंदा हनुमान जयंती २ एप्रिलला आणि ईस्टर ५ ला. हे ऐकल्यावर शेजारच्या टेबलावरचे काका म्हणाले, “मग तुम्हीही चंद्रावर चालता की!”

तर हा धागा. वचनांचे फॉरवर्ड नकोत, प्रवचन नको. ‘ख्रिस्त उठला आहे’ असं आपण लहानपणापासून म्हणत आलो. ते तुमच्या आयुष्यात कधी खरं वाटलं किंवा कधी अजिबात वाटलं नाही, ते लिहा. कॅथलिक, प्रोटेस्टंट, कोणतंही चर्च चालेल. ईस्टर होऊन गेला म्हणू नका, पेंटेकॉस्टपर्यंत (पवित्र आत्मा उतरल्याचा सण) ५० दिवस तोच काळ असतो.

आंबोलीकर

मी सुरुवात करतो, माझं छोटं आहे. गावठाणातले ईस्ट इंडियन आम्ही, म्हणजे इथलेच मूळचे ख्रिस्ती. ईस्टरच्या आदल्या शनिवारी रात्रीची मिस्सा (चर्चमधली उपासना) म्हणजे लहानपणी माझ्यासाठी झोपेशी मारामारी. सात वाचनं जुन्या करारातली, मग पत्र, मग शुभवर्तमान. मोशेच्या वाचनातला तांबडा समुद्र दुभंगेपर्यंत मी आजीच्या मांडीवर आडवा झालेलो असायचो.

पण त्याआधीची पंधरा मिनिटं कधी चुकवली नाहीत. चर्चचे सगळे दिवे बंद. बाहेर अंगणात लाकडं पेटवलेली. फादर त्या जाळावरून पास्काची, म्हणजे ईस्टरची, मोठी मेणबत्ती पेटवतात. तिच्यावर त्या वर्षाचे चार आकडे कोरलेले असतात आणि येशूच्या पाच जखमांसाठी धुपाचे पाच खडे. मग काळोख्या चर्चमध्ये ती एकटी आत येते. तिच्यावरून पहिल्या ओळीतले आपली मेणबत्ती पेटवतात, मग मागचे, मग त्यांच्या मागचे. एका वर्षी माझ्या बहिणीच्या ओढणीचं टोक माझ्याच मेणबत्तीने जळलं. आई अजूनही ती गोष्ट पाहुण्यांना सांगते.

मोठेपणी एक गोष्ट ध्यानात आली. तीच मेणबत्ती वर्षभर बाप्तिस्म्याला लावतात आणि तीच मयताच्या पेटीजवळही. आजी गेली तेव्हा तिच्या उशाशी त्या वर्षीची मेणबत्ती होती, बरीच झिजलेली. आकडे मात्र शाबूत.

राखेचा मुलगा

मी हे कुठे लिहिलेलं नाही. लांबलं तर समजून घ्या.

बाबा जून २०२० मध्ये कोविडने गेले. मार्चअखेरीस मुंबईत परिपत्रक निघालं होतं की कोविडच्या मृतांचं, धर्म कोणताही असो, दहनच करायचं. ते लगेच बदललं. पण जूनमध्ये प्रत्यक्ष काय होतं ते ज्यांच्यावर वेळ आली त्यांनाच ठाऊक. दोन ठिकाणांहून ‘आज जमणार नाही’ आलं. घरात आई पॉझिटिव्ह. मी एकटा, प्लास्टिकच्या कोटात घामाने भिजलेला. शेवटी विद्युतदाहिनीला होकार दिला. चेहरा बघायला मिळाला नाही. पिशवीवर चिठ्ठी होती, तिच्यावर आडनाव चुकलेलं. मी पेन मागून घेतलं आणि ते दुरुस्त केलं. बाबांसाठी त्या दिवशी मला एवढंच करता आलं.

बाबा जुन्या वळणाचे होते. त्यांनी सिमेटरीत जाऊन कोणाला कुठे ठेवलंय ते आम्हाला दर नोव्हेंबरला दाखवलेलं. ‘शरीराच्या पुनरुत्थानावर माझा विश्वास आहे’ हे प्रेषितांच्या विश्वासांगीकारातलं (आमच्या श्रद्धेच्या कबुलीतलं) वाक्य ते जरा मोठ्याने म्हणायचे. आणि मी त्यांचं शरीरच उरू दिलं नाही. पुढच्या रविवारी मोबाईलवर मिस्सा लावली होती, ते वाक्य आलं आणि मी आवाज बंद केला.

नंतर वाचून काढलं. कॅथलिक चर्चने दहनाला १९६३ सालीच मोकळीक दिली होती. २०१६ साली रोमहून आणखी स्पष्ट केलं गेलं: राख घरी ठेवू नये, वाऱ्यावर किंवा पाण्यात सोडू नये, पवित्र जागी ठेवावी. दफनाला पसंती, पण दहनाने पुनरुत्थानाला आडकाठी येत नाही. डोक्याला पटलं. पोटाला नाही.

पोटाला पटलं ते आत्यामुळे. ती फार शिकलेली नाही. तिला मी हे सगळं बोललो तर ती म्हणाली, “अरे, राखेच्या बुधवारी कपाळाला काय लावून घेतोस? ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासाची सुरुवातच राखेने होते ना, मग शेवट कशाला वेगळा असेल?” आणि भाजी चिरत बसली.

राख आता भिंतीतल्या कोनाड्यात आहे, संगमरवरी झाकण, वर नाव. आडनाव बरोबर आहे, मी तीनदा तपासलं. दर ईस्टरला सकाळी मोगरा घेऊन जातो. विश्वासांगीकारातलं ते वाक्य अजून मोठ्याने म्हणवत नाही. पण आवाज बंद करत नाही.

भायखळ्याची ताई

@राखेचा मुलगा, दोनदा वाचलं. लिहिलंत ते बरं केलंत.

परळचा म्हातारा

मुलीच्या फोनवरून लिहितोय, चुका पोटात घाला. आमचे वडील नगर जिल्ह्यातले, कापडाच्या मिलमध्ये साच्यावर, म्हणजे मागावर. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. त्या वर्षी ईस्टर ११ एप्रिलला आला. तीन महिने पगार नाही. पहाटेच्या उपासनेला मंडळी नेहमीपेक्षा जास्त. पाळकसाहेबांनी मार्ककृत शुभवर्तमानातला उतारा घेतला, कबरेकडे निघालेल्या बाया एकमेकींना विचारतात, आपल्यासाठी धोंड कोण लोटील? मग ते म्हणाले, गिरणीच्या दारावरची धोंडही प्रभू लोटील. सगळे ‘आमेन’ म्हणाले. माझे वडील सगळ्यांत मोठ्याने.

धोंड लोटली गेली नाही. वडिलांची गिरणी पुन्हा उघडली नाही. गिरणी उठली नाही, तिच्या जागेवर टॉवर उठला. म्हणून मला ह्या धाग्यावर थोडं वाकडं लिहावंसं वाटलं. नोकरी परत लागली, आजार बरा झाला, पोरगा दारूतून सुटला, याला लोक सरसकट ‘पुनरुत्थान’ म्हणतात. देवाची कृपा म्हणा, आनंद आहे. पण लाजराला प्रभूने कबरेतून बाहेर बोलावलं तो पुढे पुन्हा मेलाच असणार ना? येशूचं उठणं त्या जातीचं नव्हे. तिथे मरणच संपलं, असा आपला दावा आहे. पौलाने करिंथकरांना साफ लिहिलं की ख्रिस्त उठला नसेल तर तुमचा विश्वास फोल. त्याने पळवाट ठेवली नाही. आपण कशाला ठेवायची?

मग त्या संपात ईस्टरचा उपयोग काय झाला? सांगतो. त्या दिवशी संध्याकाळी आईने दार लावून घेतलं होतं. घरात डाळ-तांदूळ संपलेले, कोणी आलं तर पुढे काय ठेवणार ही लाज. येशू मेल्यावर त्याचे शिष्यही तसेच दार लावून बसले होते, भीतीने. आमच्या दारावर थाप पडली ती खालच्या मजल्यावरच्या मावशींची. मावशी जाखडी नाचणाऱ्या घरातल्या, ख्रिस्ती नव्हेत, त्यांचाही नवरा संपावर. “तुमचा सण ना आज?” म्हणून वाटीभर शिरा दिला. वडील त्या वाटीकडे बराच वेळ बघत होते. मी काही त्याला पुनरुत्थान म्हणत नाही. पण दार उघडलं होतं.

चारकोपची सून

मी हिंदू घरातली, लग्नाला नऊ वर्षं झाली. मला शुक्रवारपेक्षा शनिवार कठीण गेला. गुरुवारी पाय धुण्याचा विधी (यंदा बाहेर हनुमान जयंतीचे स्पीकर आणि आत फादर गुडघ्यावर, माझ्या सासऱ्यांच्या पायावर पाणी ओतत होते), शुक्रवारी तीन वाजता उपासना, मग घरी पेज, पापड, लोणचं. शनिवारी मात्र काहीच नाही. चर्चची घंटा गुरुवार रात्रीपासून मुकी. आमच्याकडे सुतकात असतो तसला दिवस. पहिल्या वर्षी मी सासूबाईंना विचारलं, “आज काय करायचं असतं?” त्या म्हणाल्या, “थांबायचं.”

रात्री ‘ग्लोरिया’ हे स्तुतिगीत सुरू झालं, सगळ्या घंटा एकदम वाजल्या आणि मी दचकून रडले. का, ते आजही सांगता येणार नाही. मी धर्म बदललेला नाही, कोणी सांगितलंही नाही.

नाइट ड्यूटी

मी सर्जरी वॉर्डात नर्स आहे. मरण रोज बघते, त्यामुळे ‘मरणा, तुझा विजय कुठे’ हे मला सहज म्हणता येत नाही. आमच्या बेड नंबर नऊला विचारा विजय कुठे ते.

माझा माणूस थोमा, येशूचा तो शिष्य जो म्हणाला, जखमांत बोट घातल्याशिवाय तो उठला हे मानणार नाही. लोक त्याला संशयी म्हणून नावं ठेवतात. मला तो ड्रेसिंग करणाऱ्यांतला वाटतो: जखम दाखवा, मग बोलू. आणि येशू त्याला रागावत नाही, जखम पुढे करतो. उठलेल्या शरीराला भोकं तशीच होती, हे मला वॉर्डात उभं असताना एकदम जाणवलं. मधुमेहाच्या आजींचा पाय होता. आम्ही चार महिने रोज धुतला, रोज कापूस, रोज पट्टी. जखम भरली, व्रण राहिला. आजी डिस्चार्जच्या दिवशी तो व्रण वॉर्डभर सगळ्यांना दाखवत फिरल्या. मला हाकलून द्यावं लागलं त्यांना शेवटी.

यंदाही ईस्टरला नाइटच होती. सकाळी आठला सुटले, साडेआठच्या उपासनेत मागच्या बाकावर झोपले. पाळकांनी बघितलं, बोलले नाहीत.

मोगरा_माझगाव

सगळे इतकं खोल लिहितायत आणि माझा प्रश्न पोटाचा. मार्झिपानची अंडी घरी करायचा प्रयत्न केला, यंदा चिक्की झाली. चूक कुठे होते?

आंबोलीकर

आच मोठी ठेवलीत. आईचं माप: काजू अर्धा किलो (बदाम मुंबईत कोणाला परवडले), पिठीसाखर अर्धा किलो, तीन अंड्यांतला पांढरा भाग, गुलाबपाणी. जाड बुडाच्या भांड्यात मंद आचेवर ढवळत राहा, गोळ्याने भांड्याच्या कडा सोडल्या की लगेच उतरवा, आणखी एक मिनिट नाही. साच्याला लोणी पुसा. पुढचा ईस्टर २८ मार्च २०२७ ला आहे, म्हणजे काजू होळीच्या आधीच आणून ठेवा.