अनुभव धागा: सगळं हातातून गेलं, त्या दिवसांत तुम्ही काय केलंत?

मंडळी, या वेळचा विषय जड आहे. पुढचं काही दिसेना अशा काळातून तुम्ही किंवा घरातलं कुणी निघालं असेल, तर लिहा. एकच विनंती: 'सकारात्मक राहा', 'रात्रीनंतर दिवस येतोच' असली वाक्यं नकोत, ती व्हॉट्सॲपवर रोज सकाळी फुकट मिळतात. उठून काय केलंत, कोण आलं, कोण फिरकलं नाही, ते लिहा. नाव नको, गाव पुरे. सुरुवात मीच करते.

सांगलीवाडी

आमच्याकडे पावसाळ्यात पाऊस किती झाला हे कुणी विचारत नाही. 'आयर्विनला किती?' एवढंच, म्हणजे आयर्विन पुलाशी कृष्णेचं पाणी किती फुटांवर आहे. ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका. २००५ ला पाणी ५३ च्या पुढं गेलेलं, त्याची रेघ आमच्या भिंतीवर होती. रंग काढतानासुद्धा सासऱ्यांनी ती पुसू दिली नव्हती. २०१९ च्या ऑगस्टमध्ये त्या रेघेच्या वर सगळं चढवलं आणि बाहेर पडलो. पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. रेघेचा काही उपयोग झाला नाही. त्यातच तिकडं ब्रह्मनाळला लोकांना बाहेर काढणारी बोट उलटल्याचं कळलं, मग सामानाबद्दल कुणी अवाक्षर काढेना.

पुराचा चिखल ज्यानं काढलाय त्यालाच माहीत. पाणी उतरत असतानाच तो पाण्याबरोबर लोटून काढावा लागतो. एकदा वाळला की खोऱ्यानंही निघत नाही. डाळी फुगून डब्यांची झाकणं उडालेली. सासूबाई उंबऱ्यावर बसून राहायच्या, विचारलं तर बोलायच्या नाहीत. एका सकाळी उठल्या आणि मिसळणाचा डबा घासायला घेतला. आतल्या वाट्या काथ्यानं एकेक घासून उन्हात पालथ्या घातल्या आणि म्हणाल्या, "हळद आण गं." दुकानं कुठली उघडी! मदतीच्या किटमध्ये आलेली पुडी फोडली. अख्ख्या देशाला हळद पुरवणाऱ्या गावात आम्ही मदतीची हळद खाल्ली. त्या दिवशी घरात पहिल्यांदा आमटी झाली.

२०२१ ला पाणी परत आलं. आता इशारा पातळीलाच निघतो, वाद घालत नाही.

तासगाव तालुका (यांनी मला खासगीत पाठवलं होतं, विचारून इथं टाकतेय.)

द्राक्षाची बाग फुलोऱ्यात आणि पाऊस लागून राहिलेला. ज्यांची बाग नाही त्यांच्यासाठी सांगतो: फुलोऱ्यात पाणी म्हणजे गळ, कूज आणि वरून दावण्या, म्हणजे बुरशीचा रोग. ट्रॅक्टर रुतायला लागला तसा पाठीवर पंप घेऊन फवारलं. घड काळे पडून गळाले. आदल्या साली व्यापारी माल उचलून पैसे बुडवून गेलेला, सोसायटीचं कर्ज नवं-जुनं करून झालेलं. मग मी बागेत जायचंच सोडलं. झोप नाही. माणसात बसलो तरी कोण काय बोलतंय ते डोक्यात शिरायचं नाही. मनात काय काय यायचं ते लिहीत नाही, समजून घ्या.

माझ्या बायकोनं औषधांच्या खोलीची किल्ली खिळ्यावरून काढली आणि मंगळसूत्रात अडकवली. एक शब्द बोलली नाही. मजूर औषध मागायला आले की तीच उठायची, मोजून द्यायची, परत कुलूप. तिला कळलंय हे मला कळत होतं. आम्ही दोघं त्यावर आजपर्यंत बोललेलो नाही.

शेवटी चुलतभावानं मोटारसायकलवर घातलं आणि मिरजेला मानसोपचाराच्या डॉक्टरकडं नेलं. वाटेत म्हटलं, मी काय येडा आहे का? म्हणाला, "दावण्या आला तर बागेला औषध मारतोस ना? मग बस गप." गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे जातात हे डॉक्टरांनी आधीच सांगितलेलं, म्हणून मधेच सोडल्या नाहीत. एप्रिलला खरड छाटणी घेतली. खरड छाटणीत फळ धरायचं नसतं, पुढच्या सालासाठी नुसती काडी तयार करायची. मला तेव्हा तेवढंच झेपत होतं.

आता निम्मा माल बेदाण्याला टाकतो. कर्ज आहे अजून. रात्री-अपरात्री बोलायला कुणी नसेल त्यानं १४४१६ लावावा. टेलिमानस म्हणतात, सरकारी आहे, मराठीत बोलतात, पैसे पडत नाहीत.

म्हसवडकडची (मी सांगतीय, लेक टाईप करतीय)

२०१२-१३ चा दुष्काळ. माझी सासू बाहत्तरला खडी फोडायला गेलेली. ती म्हनायची, तवा धान्य नव्हतं, आता दुकानात धान्य हाय पर प्यायला पानी न्हाई. म्हसवडला माणदेशी फाउंडेशननं छावनी काढलेली. घराला कुलूप लावलं आन जनावरं घिऊन तितंच ऱ्हायलो. मालक ऊसतोडीला गेल्यालं. मी, ही लेक, गाया आन खिलार खोंड. नुसता ऊस खाऊन जनावरांच्या जिभा सोलून निघायच्या. म्या कोयत्यानं बारीक तुकडं करून घालायची, हात भरून यायचं. इकून टाक म्हननारं रोज यायचं, खाटकाच्या भावानं मागायचं. दिलं न्हाई. हिची धावी तितंच झाली, ताडपदरीखाली.

सांजच्याला आमी बाया फुगडी घालायचो. मालक फोनवर म्हनलं, तिकडं मजा करताय व्हय? म्हनलं, या की तुमीबी.

सांगली जिल्हा, गाव लिहीत नाही

नवरा ट्रकवर होता. तो गेल्यावर माझी तपासणी केली, एचआयव्ही निघाला. सासरी आधी ताट-वाटी वेगळी झाली, मग मीच वेगळी. दोन वर्षं काढशील, असं एका शेजारणीनं तोंडावर सांगितलं. मी तोच हिशेब धरून मुलीच्या नावानं पोस्टात पैसे टाकत होते. मुलगी दीड वर्षाची झाल्यावर तिची शेवटची तपासणी झाली. कागद हातात होता पण अक्षरं दिसेनात, तिथल्या समुपदेशक बाईंनी वाचून दाखवला: निगेटिव्ह. त्या दिवशी बसस्टँडवर मी दोन प्लेट भजी खाल्ली. का, ते सांगता येत नाही. भूक लागली होती.

२००४ पासून सरकारनं एचआयव्हीवरच्या, एआरटीच्या गोळ्या मोफत द्यायला सुरुवात केली, हळूहळू आमच्यापर्यंतही आल्या. सीडी४, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पेशींचा आकडा, चढत गेला. आता व्हायरल लोड तपासला तर विषाणू सापडत नाही. तसं टिकलं की शरीरसंबंधातूनसुद्धा लागण होत नाही, हे डॉक्टर सांगतात. गावात मात्र माझा कप अजून वेगळा ठेवणारे आहेत. रात्री नऊचा गजर. गोळ्यांची डबी पर्समध्ये खुळखुळते आणि लोक विचारतात, म्हणून तिच्यात कापूस भरते. मुलगी नर्सिंग करतेय. पोस्टातले पैसे तिच्या फीला गेले.

कोयनानगर

११ डिसेंबर १९६७. मी तिसरीत होतो. पहाटे घर पडलं, आम्ही वाचलो. आजूबाजूचे बरेच गेले. पुढं धक्के थांबेनात, म्हणून आम्ही पोरं उघड्यावर झोपायचो, त्या थंडीत. आईनं पडलेल्या घराची लाकडं जाळून पाणी तापवायचं आणि आम्हाला रोज आंघोळ घालायचीच. फार आठवत नाही, आंघोळ आठवते.

सातारा

मी वेगळं लिहिणार आहे, चालत नसेल तर काढून टाका. मे २०२१ मध्ये ऑक्सिजन बेड शोधता शोधता नवरा गेला. शेवटचं नीट बघूही दिलं नाही. 'तू किती खंबीर गं' म्हणतात त्याचा मला राग येतो. खंबीर कसली! मुलगा पाचवीत होता, त्याला जेवायला लागायचं. आशा वगैरे काही वाटत नव्हती, आजही फारशी वाटत नाही. पोळी-भाजीचे डबे करते, बरे चालतात. संध्याकाळी सहा ते सात वाईट जाते, त्याची घरी यायची वेळ. तेव्हा मुद्दाम कणीक मळायला घेते. धागा वाचून बरं वाटलं असं म्हणणार नाही. पण सगळा वाचला.

सांगलीवाडी

काढून कशाला टाकायचं? असंच हवं होतं. आणि खंबीर म्हणणार नाही.

सांगली जिल्हा, गाव लिहीत नाही

सातारच्या ताई, मुलाला सरकारचं बालसंगोपन अनुदान मिळतंय का? आई-वडील दोघं गेलेल्यांनाच असतं असं सांगून परत पाठवतात, पण एक पालक असला तरी मिळतं. अठरा वर्षांपर्यंत. माझ्या मुलीच्या वेळी रक्कम फारच कमी होती, आता महिन्याला २२५० आहे. जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयात अर्ज द्यायचा.

सातारा

मला तेच सांगितलं होतं, दोघं गेलेत का म्हणून. कागद काय लागतात?

सांगली जिल्हा, गाव लिहीत नाही

मृत्यूचा दाखला, शाळेचा बोनाफाईड, उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, आधार, बँकेचं पासबुक. प्रत्येकाच्या दोन झेरॉक्स. अर्ज दिल्यावर शिक्का मारलेली पोच घ्या, नाहीतर पुढच्या खेपेला अर्ज आलाच नाही म्हणतात.