मदत हवी आहे : माफीपत्रावर सही करू का? (खाजगी हॉस्पिटल, जळगाव)

नमस्कार. मी धडगावकडची. जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) होऊन दोन वर्षं झाली, जळगावात 60 खाटांच्या एका खाजगी हॉस्पिटलात आहे. पगार 11,000. रुजू होताना मार्कशीट आणि कौन्सिलचं रजिस्ट्रेशन, दोन्ही ओरिजिनल ठेवून घेतलंय.

त्रास इनचार्ज सिस्टरचा आहे. ओव्हर देताना (पुढच्या शिफ्टला पेशंटची माहिती सांगताना) पेशंटच्या नातेवाइकांसमोर "ही पाड्यावरची, हिला काय कळणार" असं म्हणतात. पावरी (आमच्याकडची आदिवासी बोली) बोलणारा पेशंट आला की मात्र सगळ्या वॉर्डांतून मलाच हाक! ड्युटी लिस्ट रात्री दहाला ग्रुपवर बदलते. सलग सात नाईट केल्यावर ऑफ मागितला, तर आठवी लावली.

आता मुद्द्याचं. गेल्या महिन्यात नाईटला 22 पेशंट आणि मी एकटी, सोबत एक मावशी. जोडीच्या सिस्टरला ऐनवेळी आयसीयूत पाठवलं होतं. एका आजोबांचं दोनचं अँटिबायोटिक मी सव्वातीनला दिलं, कारण तेव्हा दुसऱ्या पेशंटला झटके येत होते. चार्टवर खरी वेळ टाकली. (दोनच लिहिलं असतं तर कुणाला कळलंही नसतं, हे इनचार्जनीच ऐकवलं.) आजोबा बरे होऊन घरी गेले. तरी आता टाईप केलेलं पत्र पुढे केलंय : "माझ्या निष्काळजीपणामुळे..." सही केली नाही तर पगार थांबेल म्हणतात. घरी सांगितलं तर आई म्हणेल परत ये. मैत्रीण म्हणते महिलांच्या तक्रार समितीकडे जा. काय करू?

प्रतिसाद 1
ताई, सही अजिबात करू नको. मी धुळ्यात सरकारी नोकरीत 31 वर्षं काढली, असली पत्रं पुढे कुठे निघतात ते पाहिलंय. त्याऐवजी स्वतःच्या हाताने खुलासा लिही : तारीख, पेशंट किती, स्टाफ किती, उशीर का झाला, डॉक्टरांना केव्हा कळवलं. कळवलं होतंस ना? नसेल तर तेही खरं लिही. विशेषणं नकोत, रडगाणं नको. ड्युटी लिस्टचे फोटो ठेव, पण पेशंटच्या केसपेपरचे काढू नको, तेच तुझ्यावर उलटवतील.

नर्सिंग कौन्सिलच्या निकषाप्रमाणे साध्या हॉस्पिटलात पाच पेशंटमागे एक नर्स हवी. तू 22 सांभाळत होतीस. खुलाशात हा आकडा पहिल्याच ओळीत येऊ दे.

प्रतिसाद 2
मैत्रिणीचा सल्ला इथे लागू पडत नाही. 2013 च्या कायद्यातली ती समिती लैंगिक छळासाठी आहे. पगार थांबवला तर सहायक कामगार आयुक्तांकडे लेखी अर्ज कर. "पाड्यावरची" हे जातीवरून, चारचौघांत बोललं जात असेल तर ॲट्रॉसिटीचाही विचार होऊ शकतो. मात्र त्याआधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, महिलांना तिथे मोफत वकील मिळतो.

पगाराचं म्हणशील तर सुप्रीम कोर्टाच्या 29 जानेवारी 2016 च्या निकालानंतर केंद्राने समिती नेमली. 50 ते 100 खाटांच्या हॉस्पिटलात सरकारी नर्सपेक्षा फार तर 25 टक्के कमी पगार असावा, अशी तिची शिफारस आहे. शिफारसच आहे, त्यामुळे उद्या पगार वाढेल असं समजू नकोस. पण 11,000 कुठे आणि ते कुठे!

धागाकर्ती
दोघांचे आभार. डॉक्टरांना साडेतीनला फोन केला होता, कॉल लॉग आहे. काल खुलासा लिहून नेला, सोबत ओरिजिनल कागद परत मिळावेत म्हणून अर्जही. पोच मागितली तर ऑफिसातला क्लार्क म्हणाला, शिक्का साहेबांच्या कपाटात आहे, साहेब नाशिकला गेलेत. दोन्ही कागद घेऊन परत आले. आज पुन्हा नाईट आहे, इनचार्ज काही बोलल्या नाहीत, नुसत्या बघत होत्या. स्पीड पोस्टाने पाठवलं तर ती पावती पोच म्हणून चालते का?