एसीटोनायट्राइलचा पीक 455 प्रकाशवर्षांवरून ओळखतात कसा?

क्यूसी_रावपुरा:

नमस्कार मंडळी. मी बडोद्याची, एका औषध कंपनीत क्यूसीला आहे, म्हणजे दिवसभर एचपीएलसीसमोर (हे यंत्र द्रवातले घटक कॉलम नावाच्या नळीतून वेगळे करून आलेखावर प्रत्येकाचा पीक, म्हणजे उंचवटा, दाखवतं). माझा भाचा दहावीत आहे. सयाजीबागेतल्या तारांगणातून आला आणि जेवताना त्याने सांगितलं, "मावशी, तू जे बाटलीतून ओततेस ना, ते एका ताऱ्याभोवती सापडलंय, आणि त्याच्यापासून म्हणे जीव तयार होतात."

शोधलं तर पोरगं खरं बोलत होतं. एमडब्ल्यूसी 480 नावाचा तारा, वृषभ राशीजवळच्या तारे जन्मणाऱ्या भागात, वय जेमतेम दहा लाख वर्षं. त्याच्याभोवतीच्या वायू-धुळीच्या तबकडीत 2015 साली आल्मा या रेडिओ दुर्बिणीला मिथाइल सायनाइड सापडलं, म्हणजे आमचं एचपीएलसीतलं रोजचं सॉल्व्हंट (द्रावक), एसीटोनायट्राइल. तेही इतकं की पृथ्वीचे सगळे महासागर भरतील! आमच्या स्टोअरमध्ये अडीच लिटरच्या बाटल्या सही केल्याशिवाय मिळत नाहीत.

दोन प्रश्न आहेत. एक, आमच्याकडे रेफरन्स स्टँडर्ड (ओळख पक्की असलेला नमुना) शेजारी चालवल्याशिवाय कुठल्याही पीकला नाव द्यायची सोय नाही. रिटेन्शन टाइम (पीक बाहेर यायची वेळ) जुळला एवढ्यावर नाव लिहिलं तर ऑडिटर फाइल तोंडावर मारेल. मग ही मंडळी 455 प्रकाशवर्षांवरच्या सँपलला बिनधास्त नाव कसं देतात? दोन, हे साधं सॉल्व्हंट आहे. माझ्या मोबाइल फेजमध्ये (कॉलममधून वाहणाऱ्या द्रवात) आजवर काही जिवंत झालेलं नाही (बफर जुना झाला की बुरशी येते, ती सोडा). याचा जीवसृष्टीशी संबंध काय?

कृपया "विश्व अगाध आहे" छापाची उत्तरं नकोत.

मिलिमीटरवाला:

ताई, प्रश्न आवडला. या विषयात पीएचडी करतोय, म्हणून थोडं लांबेल.

स्टँडर्ड असतं. फक्त ते दुर्बिणीशेजारी नसून पृथ्वीवरच्या प्रयोगशाळेत, निर्वात नळीत असतं. वायूतला रेणू स्वतःभोवती फिरतो, पण हव्या त्या वेगाने नाही. त्याला ठरावीक पायऱ्याच मिळतात. वरच्या पायरीवरून खालच्या पायरीवर आला की ठरावीक वारंवारतेची रेडिओलहर सोडतो. एसीटोनायट्राइलच्या या रेषा साधारण 18.4 गिगाहर्ट्झच्या पटीत येतात. चौदावी घेतली तर 257 च्या पुढे. या वारंवारता प्रयोगशाळेत सहा-सात आकड्यांपर्यंत अचूक मोजलेल्या असतात. जर्मनीत कोलोन विद्यापीठाची अशा रेषांची मोठी सूची आहे, आम्ही रोज तीच उघडून बसतो.

आता तुमचा ऑडिटर. एक रेषा जुळली म्हणून नाव देणं आमच्याकडेही चालत नाही. एसीटोनायट्राइलची प्रत्येक पायरी एक रेषा देत नाही, जवळजवळ चिकटलेल्या रेषांचा झुबका देते. झुबक्यातल्या कुठल्या रेषेची उंची किती, हे वायूच्या तापमानावर ठरतं. म्हणून सगळ्या रेषांच्या उंच्या एकाच तापमानाशी जुळल्या पाहिजेत. जी रेषा दिसायलाच हवी ती दिसली नाही, तर नाव रद्द.

तबकडीत सिग्नल फार मंद असतो, रेषा मोजक्याच मिळतात. पण तिथे आणखी एक तपासणी आपोआप होते. तबकडी फिरते, त्यामुळे तिची एक बाजू आपल्याकडे येत असते आणि दुसरी लांब जात असते. एकीकडे रेषा वरच्या वारंवारतेला सरकते, दुसरीकडे खालच्या. तबकडीतल्या इतर वायूंची रेषा जशी सरकते तशीच ही सरकली, तर ती कुठल्या भटक्या वायूची नाही हे कळतं. शिवाय हा रेणू अवकाशात 1971 पासून माहीत आहे, नवखा नाही.

हे सगळं करायला कोरडी हवा लागते, कारण पाण्याची वाफ याच लहरी गिळते. म्हणून आल्माच्या 66 अँटेना चिलीत, अटाकामाच्या वाळवंटात, 5000 मीटर उंचीवर आहेत.

नाव रद्द झाल्याचं उदाहरणही देतो. 2003 मध्ये तारे जन्मतात अशा वायूच्या ढगांत ग्लायसिन सापडल्याचं जाहीर झालं. सर्वांत साधं अमिनो आम्ल, म्हणजे प्रथिनांची वीट, त्यामुळे गाजावाजा भरपूर. 2005 मध्ये दुसऱ्या गटाने रेषा पुन्हा तपासल्या. ज्या दिसायलाच हव्यात अशा काही महत्त्वाच्या रेषा गायब होत्या. ताऱ्यांच्या दरम्यानच्या वायूत ग्लायसिन पक्कं सापडलंय, असं आजही कोणी म्हणत नाही.

प्लँटवाले_काका:

दुसरा प्रश्न माझा. नोकरीची सगळी वर्षं प्रोपिलीन आणि अमोनियाच्या प्लँटवर काढली. तिथे अॅक्रिलोनायट्राइल हा मुख्य माल, आणि पोरी, तुझं एसीटोनायट्राइल त्यातून निघणारा जोडमाल. 2008-09 ला जगभर त्याचा तुटवडा झाला तो याच कारणाने. मंदीत अॅक्रिलोनायट्राइलचं उत्पादन घटलं आणि जोडमालही आटला. तुमच्या लॅबवाल्यांनी तेव्हा जो आरडाओरडा केला होता, अजून आठवतो.

तर, नायट्राइल म्हणजे कार्बन आणि नायट्रोजन यांची तिहेरी गाठ. ती पाण्याने सोडवली की आधी अमाइड, मग आम्ल. कार्बनला नायट्रोजन जोडणं हेच अवघड काम, आणि इथे ते आधीच झालेलं असतं. स्ट्रेकरने 1850 मध्येच दाखवलं होतं: अल्डिहाइड, अमोनिया आणि हायड्रोजन सायनाइड एकत्र आले की अमिनोनायट्राइल, आणि त्याला पाणी दाखवलं की अमिनो आम्ल. म्हणजे तुझं सॉल्व्हंट थेट वीट नाही. या वाटेवर खरा कामाचा हायड्रोजन सायनाइड, आणि तुझं सॉल्व्हंट त्याच घराण्यातलं. हायड्रोजन सायनाइड त्या तबकडीत आहे की नाही ते पोराने सांगावं.

मिलिमीटरवाला:

आहे, काका. त्याच तबकडीत हायड्रोजन सायनाइड आणि सायनोअॅसिटिलीनही आहे. मुख्य बातमी खरं तर तीच होती. या तिघांचं आपसातलं प्रमाण आपल्या सूर्यमालेतल्या धूमकेतूंशी मिळतंजुळतं निघालं. महासागराची उपमा वर्तमानपत्रांना आवडली, आम्हाला ते प्रमाण आवडलं.

आणि ताई, तुमचं सॉल्व्हंटचं कपाट बघायचं असेल तर व्ही 883 ओरायनिस बघा, सुमारे 1300 प्रकाशवर्षांवर. हा कोवळा तारा एकाएकी भडकलाय, त्यामुळे तबकडीतल्या धुळीच्या कणांवर गोठलेला बर्फ बराच लांबपर्यंत वाफ झाला. 2019 मध्ये त्या वाफेत मिथेनॉल, अॅसिटोन, अॅसिटाल्डिहाइड, मिथाइल फॉर्मेट आणि एसीटोनायट्राइल सापडलं.

एरवी माल बर्फातच अडकलेला असतो आणि बर्फातला रेणू फिरू शकत नाही, म्हणजे आमच्या रेषाच नाहीत. तिथे जेम्स वेब अवकाश दुर्बीण अवरक्त प्रकाशात बघते. 2024 मध्ये तिला दोन जन्मत्या ताऱ्यांभोवतीच्या बर्फात इथेनॉल दिसलं, अॅसेटिक आम्लही असावं असा अंदाज आहे. "असावं" मुद्दाम म्हणतोय. बर्फाचे पट्टे रुंद असतात, एकमेकांवर चढतात. तुमच्या भाषेत रिझोल्यूशन फेल.

सेवउसळ_झिंदाबाद:

इथेनॉल आहे म्हणजे गुजरातेत तरी त्या ताऱ्याला परमिट लागेल 😄

क्यूसी_रावपुरा:

😄 काका, तुटवडा मी नोकरीला लागायच्या आधीचा, पण सिनियर अजून गोष्टी सांगतात. मिलिमीटर भाऊ, को-इल्यूशनचा (दोन पीक एकमेकांवर चढण्याचा) त्रास तुम्हालाही आहे हे वाचून बरं वाटलं. झुबक्याची तपासणी पटली. पीक प्युरिटीपेक्षा (एका पीकमध्ये एकच पदार्थ आहे ना, या तपासणीपेक्षा) कडक आहे, आमच्या ऑडिटरला पाठवू का तिकडे?

शेवटचं विचारते. आमच्याकडे एका औषधाचा डावा-उजवा रेणू (एकमेकांची आरशातली रूपं) वेगळा करायला कायरल कॉलम लावतात, आणि तो महाग म्हणून कोणी हात लावू देत नाही. जीवसृष्टी तर डावीच अमिनो आम्लं वापरते. आल्माला डावं-उजवं कळतं का?

मिलिमीटरवाला:

नाही. आरशातल्या दोन रेणूंच्या फिरण्याच्या पायऱ्या अगदी सारख्या, त्यामुळे रेषा त्याच. 2016 मध्ये अवकाशातला पहिला कायरल (डावं-उजवं रूप असलेला) रेणू सापडला, प्रोपिलीन ऑक्साइड, आकाशगंगेच्या मध्याजवळच्या ढगात. पण त्यात डावं किती आणि उजवं किती, ते त्या रेषांतून काढता आलं नाही.

त्यासाठी माल हातात यावा लागतो. बेन्नू या लघुग्रहावरचा 121 ग्रॅमच्या आसपास नमुना सप्टेंबर 2023 मध्ये पृथ्वीवर उतरला, आणि तो खरोखरच तुमच्यासारख्या कॉलमवरून गेला. जीवसृष्टी वापरते त्या 20 अमिनो आम्लांपैकी 14 निघाली. डावी-उजवी जवळपास निम्मी-निम्मी.

प्लँटवाले_काका:

निम्मी-निम्मी म्हणजे आमच्या रिअॅक्टरमधून निघायची तशीच. मग डावीकडे कल कुठे झाला, पृथ्वीवर आल्यावर?

मिलिमीटरवाला:

ते ठरलेलं नाही, काका. 1969 मध्ये ऑस्ट्रेलियात पडलेल्या मर्चिसन उल्केत काही अमिनो आम्लं डावीकडे झुकलेली सापडली, आयसोव्हॅलिन त्यातलं. ते सजीवांत सहसा आढळत नाही, म्हणून पृथ्वीवरच्या जंतूंनी घाण केली असं म्हणायला जागा कमी. बेन्नूत मात्र तसा झुकाव दिसला नाही. दोन्ही नमुने खरे, दोन्ही एकाच सूर्यमालेतले. यावर सध्या जोरात भांडणं चालू आहेत.

क्यूसी_रावपुरा:

भाच्याला हा धागा दाखवला. तो म्हणतो, हायड्रोजन सायनाइड विष आहे ना, मग त्यापासून जीव कसा? काका, हे तुम्हीच समजवा, मला सकाळची शिफ्ट आहे.