लॅबमधल्या लिनक्स मशिन्सना वेळ कोणी द्यायची?

फोंडेकर : पावसाळ्यात आमच्याकडे वीज आणि इंटरनेट दोघांचाही लपंडाव चालतो. तरी प्रत्येक मशीन बाहेरच्या एनटीपी सर्व्हरलाच (नेटवर्कवरून अचूक वेळ देणाऱ्या) जोडायचा हट्ट कशाला? एका जुन्या पीसीवर क्रोनी (एनटीपीने घड्याळ जुळवणारा प्रोग्राम) बसवा, त्याच्या सेटिंगमध्ये 'लोकल स्ट्रॅटम १०' ही ओळ घाला, म्हणजे बाहेरचा स्रोत नसला तरी तो स्वतःच्या घड्याळावरून वेळ देत राहतो; बाकीची मशिन्स त्याच्यामागे लावा. घड्याळं आपसांत जुळली की एनएफएसवर (नेटवर्कवरच्या सामायिक फोल्डरांवर) मेक या प्रोग्राम बांधणाऱ्या साधनाची 'क्लॉक स्क्यू डिटेक्टेड' (घड्याळांत फरक आढळला) ही भुणभुण बंद.

म्हापसेकर : साफ असहमत. आपसांत जुळलं म्हणजे बरोबर झालं का? त्या पीसीच्या आतल्या घड्याळाचा सेल संपलेला असला, तर वीज येताच तो भलत्याच तारखेला उठणार आणि इंटरनेट येईपर्यंत तीच तारीख सगळ्यांना वाटणार. बाकीच्या मशिन्सवर ऑफसेट (सर्व्हरच्या वेळेशी फरक) मात्र मायक्रोसेकंदांत, म्हणजे संशयही येत नाही! शिवाय सर्ट-इनचे (केंद्र सरकारच्या सायबरसुरक्षा संस्थेचे) एप्रिल २०२२ चे निर्देश वाचा : वेळ एनआयसी (राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्र) किंवा एनपीएल (राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा) यांच्याकडून घ्यायची.

फोंडेकर : म्हापसेकरबाब, पुढची ओळही वाचा. त्यांच्याशी जुळलेला मधला सर्व्हरही चालतो. माझ्या पीसीला वर एनआयसीच आहे, 'लोकल' फक्त लाइन तुटल्यावर. सेल काय, बदलता येतो.

डिचोलीची सिसअ‍ॅडमिन : वाद नंतर घाला, आधी 'क्रोनीसी सोर्सेस' ही आज्ञा देऊन बघा. 'रीच' या रकान्यात ३७७ म्हणजे शेवटच्या आठही विचारणांना उत्तर आलं. ० असेल तर बहुतेक फायरवॉलने यूडीपी १२३ (एनटीपीचा पोर्ट) अडवलाय. फरक बरोबर साडेपाच तासांचा असेल तर एनटीपी निर्दोष : विंडोज हार्डवेअर घड्याळात स्थानिक वेळ लिहितं, लिनक्स तिला यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) समजतं. एकाच मशीनवर दोन्ही ठेवणाऱ्या ड्युअल बूटवाल्यांनो, हे तुमच्यासाठी.

आणि क्रोनीच्या सेटिंगमधली 'मेकस्टेप १ ३' ही ओळ घड्याळाला फक्त पहिल्या तीन अपडेट्सना एकदम उडी मारू देते. नंतर झोपेतून उठलेली व्हीएम (आभासी मशीन) २ तास मागे असली, तर क्रोनी कमाल १२ सेकंदांना १ सेकंद या वेगाने भरून काढतो. म्हणजे अख्खा दिवस! सरळ 'क्रोनीसी मेकस्टेप' द्या.

म्हापसेकर : पुढे उडी ठीक. पण घड्याळ पुढे गेलेलं असेल आणि डेटाबेस चालू असेल, तर मागे उडी मारून लॉगचा क्रम उलटा करणार का? आधी सर्व्हिस थांबवा.

फोंडेकर, तुमचा स्रोत अजूनही एकच. दोन ठेवले तरी खोटं कोण ते ठरत नाही, निदान तीन हवेत.

फोंडेकर : तीन ठेवतो. 'लोकल' मात्र काढणार नाही.