आपल्या स्पेस स्टेशनला खासगी कंपनीचं फुगवता येणारं मॉड्यूल जोडावं का? माझं मत: जोडावं

मांजराकाठ (लातूर)

पहिलं मॉड्यूल 2028 ला अन पाच मॉड्यूलचं पूर्ण स्टेशन 2035 पर्यंत, असं इस्रोचं नियोजन जाहीर झालेलं आहे. परवा आमच्या ग्रुपवर यावरून जोरात वाजलं अन अर्धवटच राहिलं, म्हणून इथं मांडायलो. माझं म्हणणं एवढंच की पाचही मॉड्यूल धातूची असू द्या, पण एक पोर्ट (दुसरं मॉड्यूल जोडायचं तोंड) मोकळं ठेवा आणि ते आपल्या देशातल्या खासगी कंपनीला फुगवता येणाऱ्या मॉड्यूलसाठी द्या.

कामून ते सांगतो. आपल्या एलव्हीएम3 रॉकेटच्या टोकाला जे कव्हर असतं ते 5 मीटर व्यासाचं, म्हणजे धातूचं मॉड्यूल त्याच्यापेक्षा रुंद कधीच होणार नाही. कापडाचं मॉड्यूल घडी करून जातं आणि वर गेल्यावर हवा भरली की पसरतं. हे करून झालंय. बिगेलो नावाच्या अमेरिकन कंपनीचं बीम मॉड्यूल एप्रिल 2016 मधे आंतरराष्ट्रीय स्टेशनला जोडलं (तेव्हा आपल्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी यायलं होतं, त्यामुळं ही बातमी इकडं फार कुणी वाचलीच नाही). वजन साधारण 1400 किलो, घडी असताना लांबी 2 मीटरच्या थोडी वर, फुगल्यावर 4 मीटर लांब आणि 3.2 मीटर रुंद, आत 16 घनमीटर जागा. नासानं कंपनीला 1 कोटी 78 लाख डॉलर दिले, स्टेशनच्या खर्चाच्या मानानं हे काहीच नाही. अन दोन वर्षाच्या ट्रायलसाठी नेलेलं ते मॉड्यूल अजून तिथंच आहे, त्यात आता सामानाच्या शंभरावर पिशव्या ठेवता येतात.

शेंद्रा फॅब्रिकेशन (छत्रपती संभाजीनगर)

सर, माझा विरोध आहे आणि तो कामातून आलेला आहे. आम्ही प्रेशर व्हेसल, म्हणजे दाब सोसणाऱ्या धातूच्या टाक्या बनवतो. प्लेट, वेल्डिंग, एक्सरे, मग हायड्रो टेस्ट (पाणी भरून दाब देणं) वर्किंग प्रेशरच्या 1.3 पट, अन व्हेसलच्या प्रत्येक जोडाचा कागद आमच्याकडं असतो. धातू किती वर्ष कसा वागणार हे आपल्याला पन्नास वर्षाच्या अनुभवानं माहिती आहे. कापडाचं तसं नाही. कायम ताण राहिला की धागा हळूहळू लांबत जातो, त्याला क्रीप म्हणतात, आणि तो बाहेरून दिसत नाही. आज टेस्टला पास झालेला पट्टा आठ वर्षांनी तेवढ्याच ताणाला तुटू शकतो. आतमधे माणसं असणार आहेत, वरून सगळीकडं व्हॅक्यूम आहे, तिथं "करून झालंय" एवढ्यावर मी सही करणार नाही.

अन बीमचं सांगितलं ते अर्धंच सांगितलं. बीममधे कुणी राहत नाही. खिडकी नाही, झोपायची सोय नाही, दार बहुतेक वेळ बंद. ती स्टोअर रूम आहे. स्टोअर रूम टिकली म्हणून घर टिकेल असं कसं म्हणायलेत तुम्ही?

मांजराकाठ

दादा, क्रीपचा मुद्दा खरा आहे, पण त्याच्यावर काम झालंय ते पण बघा. सिएरा स्पेस म्हणून कंपनी आहे, तिचं लाइफ नावाचं मॉड्यूल तयार व्हायलंय, जवळपास 300 घनमीटरचं, म्हणजे अख्ख्या आंतरराष्ट्रीय स्टेशनच्या साधारण तिसरा हिस्सा जागा एकाच रॉकेटमधे. व्हेक्ट्रान नावाच्या धाग्याच्या पट्ट्या विणून त्याचं कवच करतात. डिसेंबर 2023 ला नासाच्या मार्शल सेंटरमधे त्यांनी खऱ्या मापाचं मॉड्यूल फुटेपर्यंत फुगवलं. वापरायचं जास्तीत जास्त प्रेशर 15.2 पीएसआय (दाब मोजायचं एकक), कापडासाठी नासाची अट चौपट, म्हणजे 60.8. ते फुटलं 77 ला. तुमची 1.3 पट अन ही चौपट, फरक बघा की.

शेंद्रा फॅब्रिकेशन

तो फरक तुमच्या बाजूचा नाही, माझ्या बाजूचा आहे. चौपट मागावं लागलं तेच मुळी साहित्यावर धातूएवढा भरवसा नाही म्हणून! आणि बर्स्ट टेस्ट ही त्या दिवसाच्या ताकदीची टेस्ट आहे, आयुष्याची नाही. त्याच कंपनीची क्रीप टेस्ट छोट्या मॉडेलवर झाली, जास्त प्रेशर देऊन, आणि ते मॉडेल 150 तासांच्या वर टिकलं. त्यावरून गणित मांडून वर्षं काढायची. गणित बरोबर असेलही, पण 150 तास अन 15 वर्ष यांच्यात जे अंतर आहे ते मला कुणीतरी भरून दाखवा.

अंबडचा शेतकरी (जालना)

मी इंजिनिअर नाही पण एक विचारतो. शेततळ्याचा कागद गुंडाळून वर्षभर शेडमधे पडला अन मग उघडायला गेलं की घड्या एकमेकाला धरून बसतात, चार माणसं ओढत्यात तरी कोपरा सुटत नाही, अन जिथं घडी कडक झाली तिथंच पुढं पाणी झिरपतं. मग हे कापडाचं मॉड्यूल रॉकेट लेट झाल्यावर किती दिवस घडी करून राहणार? वर जाऊन उघडलंच नाही तर?

मांजराकाठ

भाऊ, नेमकं हेच झालं होतं बीमच्या बाबतीत! 2015 मधे स्पेसएक्सचं सामान नेणारं रॉकेट उडताना फुटलं, त्यामुळं पुढच्या फेऱ्या लांबल्या, बीम ठरल्यापेक्षा कितीतरी जास्त दिवस घडीतच राहिलं आणि कापडाचे थर एकमेकाला धरून बसले. 26 मे 2016 ला हवा सोडली तर प्रेशर वाढायलं पण मॉड्यूल काही इंचाच्या पुढं सरकंना. थांबवलं. मग 28 तारखेला जेफ विल्यम्स हा अंतराळवीर हाताने व्हॉल्व्ह थोडा उघडायचा, बंद करायचा, वाट बघायची, परत उघडायचा, असं सात तासात 25 वेळा. व्हॉल्व्ह उघडा राहिलेला सगळा वेळ मिळून अडीच मिनिटं पण नाही. आतले घडी धरून ठेवणारे पट्टे सुटायचे टक् टक् आवाज स्टेशनमधे ऐकू येत होते म्हणे. पण उघडलं, अन गळालं नाही. तुम्ही म्हणता तो धोका खरा आहे, म्हणूनच घडी घालून किती दिवस ठेवायचं याची मुदत करारात लिहून पाहिजे.

परभणीची वकील

इंजिनिअरिंग तुम्ही बघा, मी कायद्याचं बोलते, आणि मला यातलं "खासगी" तेच पटत नाही. बिगेलोचं पुढं काय झालं ते सरांनी लिहिलंच नाही. मार्च 2020 मधे त्या कंपनीनं सगळे कर्मचारी कमी केले. कंपनीत माणूसच नाही आणि तिचं मॉड्यूल मात्र वर जोडलेलं, आत-बाहेर अंतराळवीर जायलेत. शेवटी डिसेंबर 2021 ला मालकी नासाकडं गेली. ज्यांनी शिवलं ती माणसं पांगली, मग उद्या शिवण सुटली तर फोन कुणाला लावणार?

आणि 1967 चा बाह्य अवकाश करार वाचा. खासगी कंपनीनं अवकाशात काहीही केलं तरी जबाबदार तिचा देश. 1972 च्या दायित्व कराराप्रमाणं नुकसानभरपाई पण देशाच्याच डोक्यावर. भारत दोन्ही करारांत आहे. आपल्याकडं 2023 चं अंतराळ धोरण आलं, खासगी अंतराळ कंपन्यांना परवानगी देणारी इन-स्पेस ही संस्था आली, पण अंतराळाचा स्वतंत्र कायदा संसदेनं अजून केलेला नाही, 2017 चा मसुदा मसुदाच राहिला. मग कंपनी बुडाली तर तिच्याकडून वसूल कशाच्या आधारावर करणार? नफा त्यांचा आणि जोखीम सरकारची, म्हणजे आपली, हे मला मान्य नाही. आधी कायदा, मग पोर्ट.

औंढ्याचा पोरगा (हिंगोली)

ताई, "आधी कायदा मग काम" म्हणत बसलो तर आपली पिढी संपल. आमच्या औंढ्याजवळ लायगो (गुरुत्वीय लहरी टिपणारी प्रयोगशाळा) यायलंय, त्याची तत्त्वतः मंजुरी 2016 ला आली अन पैशाची मंजुरी 2023 ला. सात वर्ष! अमेरिकेत तर उलटं झालं, 1990 च्या दशकात नासानं स्वतःच ट्रान्सहॅब नावाचं फुगवता येणारं मॉड्यूल डिझाइन केलं, स्टेशनचा खर्च वाढायला लागला तसं 2000 साली तिथल्या संसदेनं कायदा करून ते बंद पाडलं. मग लास वेगासच्या त्या बिगेलोनं ते तंत्रज्ञान लायसन्सवर घेतलं आणि 2006 अन 2007 ला स्वतःच्या पैशानं दोन मॉडेल वर सोडून दाखवली. कायद्यानं जे थांबवलं ते एका खासगी माणसानं जिवंत ठेवलं. आणि हे काही आजचं खूळ पण नाही, 1965 ला रशियाचा लिओनोव जगातला पहिला स्पेसवॉक करायला बाहेर पडला तो फुगवलेल्या एअरलॉकमधूनच (एअरलॉक म्हणजे यानातून बाहेर पडायची मधली बंद खोली).

परभणीची वकील

भाऊ, लायगोचा उशीर मलाही टोचतो, तो आपल्याच भागाचा प्रकल्प आहे. पण लायगो बंद पडलं तर जमिनीवर बंद पडतं. इथं दाराच्या पलीकडं माणसं झोपणार आहेत. आणि लिओनोवचं एअरलॉक एकदा वापरून टाकून दिलं होतं, त्याची तुलना पंधरा वर्षाच्या मॉड्यूलशी नको.

नांदेड, एरोस्पेस शिकणारी

एक गोष्ट कुणीच बोलायली नाही. जागा वाढवली म्हणजे सोय वाढली असं नसतं. 300 घनमीटर कापड फुगवलं, पण त्या हवेतला कार्बन डायऑक्साइड काढणार कोण, उष्णता बाहेर टाकणार कोण, वीज कुठून येणार? ते सगळं मूळ स्टेशनच्या सिस्टिमवरच पडतं. बीमला हवा खेळती ठेवायला पण शेजारच्या मॉड्यूलवरच अवलंबून राहावं लागतं. आपलं स्टेशन छोटं, पाच मॉड्यूल मिळून साधारण 52 टनाचं. म्हणून मी सरांच्या बाजूनी आहे पण पूर्ण नाही, पोर्ट द्या, पण मॉड्यूलनी स्वतःचे सोलर पॅनल अन रेडिएटर घेऊन यावं ही अट पाहिजे.

अन अंतराळातला कचरा आदळून फाटेल ही भीती ग्रुपवर सगळे घालायलेत, त्याला उत्तर: बीमला सेन्सर लावलेले होते, आदळल्याच्या नोंदी आल्या, आरपार एक पण गेलं नाही. गळती म्हणाल तर स्टेशनच्या रशियन भागात झ्वेज्दा मॉड्यूलच्या मागच्या बोगद्यात 2019 पासून हवा गळायला लागली अन तो भाग धातूचा आहे. रेडिएशनपण बीममधे बाहेरून येणाऱ्या कॉस्मिक किरणांचं बाकी स्टेशनसारखंच मोजलं गेलं.

शेंद्रा फॅब्रिकेशन

झ्वेज्दाचं उदाहरण चांगलं दिलं, पण बघा, तिथं चीर शोधता आली, सील लावता आलं. कापडाच्या आतल्या थरात पट्टा तुटला तर तो दिसणार कसा, त्याच्या वर इन्सुलेशन, कचऱ्यापासून वाचवणारे थर, आत हवा धरून ठेवणारं रबरी अस्तर. आम्ही व्हेसल उघडून आतून बघतो. इथं बघायला जागाच नाही.

माझं ठाम म्हणणं सांगतो. खासगी कंपनीला खरंच करायचं असेल तर आजच खऱ्या मापाचं एक मॉड्यूल जमिनीवर फुगवून ठेवा, पूर्ण प्रेशरला, पट्ट्या-पट्ट्याला स्ट्रेन गेज (ताणानं किती लांबलं ते मोजणारे सेन्सर) लावून, अन 2035 पर्यंत हात लावू नका, फक्त रीडिंग घ्या. त्याला रॉकेट लागत नाही, शेड लागतं अन सबुरी लागते. शेड शेंद्र्यात मिळतं.

मांजराकाठ

दादा, हे मला शंभर टक्के मान्य, अन हे कुणी सुरू केलं तर मी स्वतः बघायला येईन. ताईंच्या मुद्द्यावर पण माझ्या अटी लिहितो: सगळी ड्रॉइंग अन टेस्टचा डेटा उडायच्या आधी इस्रोकडं जमा, कंपनी बंद पडली की मालकी त्याच दिवशी सरकारकडं, दाराचं नियंत्रण कायम आपल्या बाजूला, आणि गरज पडली तर रोबोटिक हातानं मॉड्यूल काढून सोडून देता आलं पाहिजे, बीमचा पण मूळ प्लॅन दोन वर्षांनी असाच काढून टाकायचा होता. मॉड्यूल 2035 च्या पुढं येऊ द्या, माझी घाई नाही. पण पोर्ट आत्ताच ड्रॉइंगमधे पाहिजे, कारण वर गेलेल्या मॉड्यूलला नंतर भोक पाडून पोर्ट बसवता येत नाही.

शेंद्रा फॅब्रिकेशन

पोर्ट म्हणजे नुसतं भोक नाही सर. फोर्जिंगची रिंग, सील, लॅच, दार, वायरिंग. पहिल्या मॉड्यूलला दहा टनाच्या आसपास बसवायचंय. हे वाढीव वजन त्यातलं काय काढून भागवायचं ते आधी सांगा, मग पुढं बोलू.