आर.ओ.चं वाया जाणारं पाणी

पाणी कसं वाचवायचं या चर्चेत शॉवरऐवजी बादली, दात घासताना नळ बंद, हे वर बऱ्याच जणांनी लिहिलंय आणि ते पटतंच. पण आर.ओ.बद्दल, म्हणजे बारीक पडद्यातून पाणी गाळणाऱ्या शुद्धीकरण यंत्राबद्दल, कुणीच बोललं नाही. घरगुती यंत्रात एक लिटर शुद्ध पाण्यामागे साधारण तीन लिटर पाणी त्या बारीक नळीतून थेट सिंकमध्ये जातं. रोज, घरोघरी!

मुळात आर.ओ. लागतो का, ते आधी बघा. त्याचं खरं काम क्षार कमी करणं. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आत असेल तर त्याची गरज नाही. अशा ठिकाणी त्यावर बंदी घाला, असं राष्ट्रीय हरित लवादानेही २०१९ मध्ये सांगितलं होतं. मुंबई-पुण्यात नळाला धरणाचं पाणी येतं, त्यात क्षार कमीच. तिथे साधा फिल्टर आणि यूव्ही (अतिनील किरणांनी जंतू मारणारं यंत्र) पुरतं. बोअरवेलवर असाल तर गोष्ट वेगळी.

आर.ओ. हवाच असेल तर ती नळी बादलीत सोडा. लादी पुसायला, संडासात ओतायला ते पाणी उत्तम. कुंड्यांना मात्र रोज नको, क्षार मातीत साठून पानांच्या कडा करपतात.

आणि वर एकांनी विचारलंय, नळ बंद असूनही घराच्या टाकीतलं पाणी का उतरतं? संडासाचा फ्लश तपासा. फ्लशच्या टाकीत खाण्याचा रंग टाकून वीसेक मिनिटं तसंच राहू द्या. भांड्यात रंग उतरला तर आतलं रबर गेलंय. ते लगेच बदलून घ्या.